कवळीबाईंचा लेथ

गल्लीत त्यांना सगळे कवळीबाई म्हणायचे, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं? दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. पुढे डॉक्टर तोंडाचं माप घेत, मागे प्लास्टरचा साचा तयार होई, आणि त्यावर मेणात एकेक दात बसवत बाई कोणाचं तरी हसू उभं करत. गंमत अशी, की ते हसू त्यांनी कधी पाहिलं नाही. माणसं पुढच्या दाराने येत नि पुढच्याच दाराने जात. बाईंच्या टेबलावर यायचे ते नुसते जबडे, तेही चिठ्ठी चिकटवलेले. रस्त्यात समोरून कोणी म्हातारा हसत आला की बाई आधी त्याच्या दातांकडे बघत. आपले तर नव्हेत?

निवृत्तीला आठवडा उरला होता, तेव्हा मागच्या खोलीचा पडदा सारून एक उंचापुरा म्हातारा सरळ आत आला. हातात रुमाल, रुमालात कवळी.

"ही कोणी केली?"

बाई उभ्या राहिल्या. एकतीस वर्षांत पहिली तक्रार स्वतःच्या पायांनी चालत आली होती.

"मी केली. टोचते का?"

"टोचत नाही. झकास बसते. पण शीळ वाजत नाही."

म्हातारा कातारी होता. लाकूड कातून पलंगाचे पाय, खुर्च्यांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे दांडे करायचा. आसपासची माणसं त्यांना नुसतं मिस्त्री म्हणत. चाळीसेक वर्षं त्यांनी शीळ घालत काम केलं होतं. आता हात थरथरायला लागले, काम सुटलं. "हात गेले ते गेले," मिस्त्री म्हणाले, "त्यांच्याबरोबर शीळ कशाला जावी?"

बाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं, चार वाक्यं बोलायला लावली, आणि पुढच्या दातांच्या मागची बाजू केसभर घासली. पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा थुंकी उडाली. तिसऱ्यांदा अशी लांब, खणखणीत शीळ निघाली, की पुढून डॉक्टर धावत आले. बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आपलं काम माणसाच्या तोंडात त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

पुढच्या आठवड्यात त्या घरी बसल्या. म्हणजे बसल्या कुठल्या! पहिल्या पंधरा दिवसांत स्वयंपाकघरातली फडताळं तीनदा लावून झाली. त्यांचे यजमान पाणीखात्यात घरोघरचे मीटर वाचायचे, म्हणून बाहेर ते मीटरसाहेब. फडताळांची चौथी पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "अगं, डब्यांना जरा श्वास तरी घेऊ दे. जा, कुठेतरी फिरून ये."

बाई फिरत फिरत मिस्त्रींच्या दारात पोचल्या. निमित्त होतं कवळीची चौकशी.

मिस्त्रींची कामाची खोली घराच्या खालच्या अंगाला होती. भिंतीवर हत्यारांच्या जागा तेवढ्या पांढऱ्या उरल्या होत्या, बाकी सगळी भिंत भुशाने पिवळी. मधोमध लाकडी घोडीवर लेथ उभा होता. लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या, एका टोकाला मोटर आणि पट्टा, दुसऱ्या टोकाला अणकुचीदार टोक. मधे लाकूड धरायचं, ते गरगर फिरतं, आणि समोरच्या आडव्या टेकूवर पटाशी टेकवून त्याला आकार द्यायचा. आता त्याच्यावर रद्दीचे गठ्ठे रचलेले होते.

"उद्या भंगारवाला येतोय," मिस्त्रींची सून म्हणाली. बोलण्यात तुसडेपणा नव्हता. ती शिकवण्या घ्यायची, आणि वरच्या खोलीत मुलं मांडीला मांडी लावून बसायची. "मी बाबांना म्हटलं होतं, राहू द्या. तेच म्हणाले, देऊन टाक."

बाईंनी लोखंडावर हात ठेवला. ते गार होतं आणि हाताला गुळगुळीत लागलं.

"मिस्त्री, भंगारात देऊ नका. मला द्या."

मिस्त्री मोठ्याने हसले. "बाई, ही काय कवळी आहे? दांडगं जनावर आहे हे. हौसेला पाळायचं नाही."

"दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. मी एकतीस वर्षं तेच करून भरलं. माझे हात अजून धड आहेत. त्यांना रिकामं ठेवलं तर ते मलाच खातील."

मिस्त्रींनी कोपऱ्यातल्या खोक्यातून पाच पटाशा काढल्या आणि फळीवर ओळीने मांडल्या. "यातली बोथट कोणती?"

बाईंनी धारेला बोट लावलं नाही. एकेक पटाशी त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. चांगली धार उजेडात दिसत नाही. बोथट झालेली पांढऱ्या रेघेसारखी चमकते. "ही," त्या म्हणाल्या. "आणि या दुसरीला इथे मधे बारीक खाच पडलीय."

 मिस्त्री सुनेला म्हणाले, "रद्दी उतरव. त्या भंगारवाल्याला रद्दीच दे." आणि बाईंना म्हणाले, "न्या. पण मी शिकवायला येणार नाही. बघितलं की हात शिवशिवतात, आणि नुसते शिवशिवून उपयोग काय?"

लेथ हातगाडीवरून आला. चार हमालांनी तो मागच्या खोलीत ठेवला. त्यातल्या एकाने जाताना विचारलं, "आजी, ही पिठाची गिरणी का?" मीटरसाहेब दारात चष्मा पुसत उभे होते.

"मला वाटलं होतं, तू विणकाम बिणकाम करशील."

"हेही विणकामच आहे. जरा जाड."

मुलगी दुसऱ्या गावी राहायची. तिचा फोन आला. "आई, बोटं सांभाळ गं. बाबांना साधी खिचडी येत नाही."

आठ दिवस बाईंनी गंज काढला. रॉकेल, चिंध्या, तारेचा ब्रश. मोटर दुरुस्त करणाऱ्याकडून नवे बेअरिंग बसवून घेतले, चिरलेला पट्टा बदलला. दवाखान्यातला जुना अ‍ॅप्रन होता, तोंडापुढची पारदर्शक ढालही होती. आणि मनात भरपूर भरवसा होता. कारण दवाखान्यात कवळ्यांना चकाकी आणायला एक छोटी मोटर होती, तिच्यावर बाईंनी हजारो कवळ्या धरल्या होत्या. फिरतं चाक त्यांना नवीन नव्हतं. हा तर त्याच मोटरचा थोरला भाऊ, असं त्यांनी धरून चाललं होतं.

थोरल्या भावाने पहिल्याच दिवशी हिसका दाखवला.

मोडक्या खुर्चीचा एक पाय बाईंनी लेथवर चढवला. वाळून खडखडीत झालेलं सागवान, चारी कोपरे तसेच. बटण दाबलं. लाकूड फिरायला लागलं, कोपरे धुरकट दिसायला लागले. बाईंनी पटाशी पुढे केली, आणि धाडकन आवाज झाला. पटाशी हातातून निसटून फडताळावर आदळली. खुर्चीचा पाय खिडकीची काच फोडून शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन पडला. बाईंना कुठे खरचटलंही नव्हतं, पण उजवा हात खांद्यापर्यंत झिणझिणत होता. समोर लेथ रिकामाच फिरत होता. तो बंद करायचा असतो, हे आठवायलाही त्यांना वेळ लागला.

शेजारीण पाय घेऊन आली. "तुमचा का हो?"

"हो. जरा... सुटला."

त्या संध्याकाळी बाईंनी लेथवर जुनी चादर टाकली. मीटरसाहेबांनी काच मोजून आणली, बसवली, आणि एका अक्षराने विचारलं नाही. बाईंना तेच जास्त लागलं. तीन आठवडे त्या मागच्या खोलीत गेल्या नाहीत. बाजारात जाताना मिस्त्रींचं घर वाटेत लागायचं, तर त्या दोन गल्ल्यांचा वळसा घालून जायला लागल्या. न जाणो, समोर आले आणि विचारलं, 'काय बाई, काय केलंत?' तर सांगायचं काय? नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. चूक आपलीच, हात आपलेच म्हातारे झाले, हौस गेली काचेबरोबर, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

पण समजूत काही टिकेना. एका दुपारी त्यांनी चादर काढली, लेथ बंदच ठेवला, आणि नुसती पटाशी धरून उभ्या राहिल्या. कुठे चुकलं ते हातांना विचारत होत्या म्हणा. मीटरसाहेब चहाचा कप घेऊन दारात आले आणि तिथेच थबकले. माणूस आयुष्यभर आकडे वाचण्यात मुरलेला. त्यांनी बायकोकडे तसंच बघितलं, खालून वर.

"टाचा का उचलल्यास?"

"कुठे उचलल्या?"

"बघ ना खाली."

बाईंनी खाली बघितलं. टाचा खरंच वर होत्या. कोपरही खांद्याच्या रेषेत आलं होतं. मीटरसाहेबांनी कप ठेवला, टेप आणली. लाकूड ज्या टोकांवर फिरतं, ती टोकं बाईंच्या छातीशी येत होती.

बाई मटकन स्टुलावर बसल्या. कवळी करताना सगळ्यात आधी काय ठरवतात? वरचा जबडा आणि खालचा, यांतलं अंतर. ते चुकलं तर दात मोत्यांसारखे असले तरी घास चावत नाही. नवीन पोरींना हे त्यांनीच शिकवलं होतं, ओरडून ओरडून. आणि स्वतः मात्र सहा फुटी माणसाचं मशीन आणून पाच फूट नसलेल्या अंगाने त्याच्यापुढे उभ्या राहिल्या होत्या!

तशाच उठून त्या मिस्त्रींकडे गेल्या. या वेळी वळसा घातला नाही. सगळं सांगितलं: काच, शेजारीण, चादर, तीन आठवडे. मिस्त्री ऐकत होते.

"आणि मला वाटत होतं, मलाच जमत नाही," बाई म्हणाल्या.

"बाई," मिस्त्री म्हणाले, "कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं." मग त्यांनी चपला घातल्या. "चला."

येणार नाही म्हणालेले मिस्त्री आले. त्यांनी बाईंना लेथपुढे उभं केलं, कोपर बघितलं, आणि खाली वाकून लाकडी घोडीच्या पायांवरून हात फिरवला. ज्या घोडीवर लेथ बसवला होता, ती त्यांनी स्वतः, लग्नाच्याही आधी, सागवानात केली होती.

"पाय कापा हिचे."

बाई दचकल्या. "नको नको. मी उभं राहायला खाली एक फळी टाकीन."

"फळीवर उभं राहून काम करतो तो पाहुणा. पाहुण्यासारखं किती दिवस करणार? पेन्सिल द्या."

पेन्सिल त्यांनीच धरली. बाईंच्या कोपराखाली चार बोटं, असं माप धरून त्यांनी पायांवर खुणा केल्या. हात थरथरत होता, रेघ नागमोडी आली. बाईंनी काटकोनी गुण्या लावला आणि त्याच रेघेवरून सरळ रेघ ओढली. मिस्त्रींनी ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं. दुसऱ्या दिवशी सुताराने पाय कापले. खाली पडलेल्या चार तुकड्यांतला एक मिस्त्रींनी उचलला, नाकाशी नेला, म्हणाले, "अजून वास आहे," आणि तुकडा परत ठेवून दिला.

मग धडे सुरू झाले, जरी मिस्त्री त्यांना धडे म्हणत नसत. ते 'बघायला' येत. पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे वाळलेलं सागवान बाहेर ठेवायला लावलं. रस्त्यात झाडांच्या फांद्या छाटल्या होत्या, त्यातली मनगटाएवढी ओली फांदी बाईंनी उचलून आणली.

"लाकूड चढवलं की बटण दाबायच्या आधी एकदा हाताने फिरवायचं. टेकूला लागत नाही ना, बघायचं. आता पटाशी घ्या. धार नका लावू! पाठ टेकवा आधी."

"पाठ?"

"धारेच्या मागचा उतार. तो लाकडावर नुसता घासू दे. कापत नाही ना? बरोबर. आता मागची मूठ हळूहळू उचला. हळू. आणखी हळू. आपण होऊन कापेल तिथे थांबा."

बाईंनी मूठ उचलली. आधी टकटक टकटक असा आवाज येत होता. मग तो एकसारखा झाला, आणि शेवटी नुसता सुईईई असा बारीक सूर लागला. पटाशीच्या टोकातून ओल्या लाकडाची लांब रिबीन निघाली आणि बाईंच्या मनगटावरून घरंगळत खाली गेली. एक, मग दुसरी. फांदीचा वेडावाकडा तुकडा डोळ्यांदेखत गोल झाला होता.

"बंद करा आता," मिस्त्री म्हणाले. "हात लावून बघा."

हात लावला तर लाकूड कोमट होतं.

सगळंच काही असं गोडीगुलाबीने गेलं नाही. हत्यार नंतरही अनेकदा अडकलं. एक वाडगा तळ पातळ होऊन भोकाचा झाला. मीटरसाहेबांनी त्याला नरसाळं म्हणून मोरीत ठेवून दिलं. बाईंच्या केसांत, चहात, पांघरुणात भुसा सापडायला लागला. मिस्त्री स्टुलावर बसून एखादा शब्द बोलत. हत्याराला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. एकदा बाईंनी पटाशी त्यांच्यापुढे धरली, "तुम्हीच दाखवा ना," म्हणून. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि मान हलवली. बाईंनी पुन्हा कधी विचारलं नाही.

वर्ष होत आलं असेल. बाई वाचनालयात पुस्तक बदलायला गेल्या, तर जिन्याच्या कठड्यात एक दांडा गायब. कपाट वर चढवताना मोडला म्हणे.

"तिथे लोखंडी नळी लावून टाकू म्हणतोय," ग्रंथपाल म्हणाले. "असं काम करणारं आता कोण आहे?"

"मी आहे," बाई म्हणाल्या, आणि आपणच काय बोललो हे ऐकून चमकल्या.

ते दांडे मिस्त्रींनी केले होते, चाळीस वर्षांपूर्वी. बाईंना ते त्यांच्याच बोलण्यातून ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मिस्त्रींना काही सांगितलं नाही. शेजारच्या दांड्याचं माप त्यांनी आपल्या जुन्या पद्धतीने घेतलं: कंगोऱ्यांवर मेण दाबून ठसा, ठशावरून प्लास्टरचा साचा. वाचनालयातले वाचक पुस्तकं सोडून जिन्यात जमले. घरी आल्यावर साच्यावरून पुठ्ठा कापला, आणि लेथवरचं लाकूड पुठ्ठ्याला लावून लावून बघत कातलं. पहिला दांडा मानेत बारीक झाला. दुसरा चांगला झाला, पण काचकागद मारताना कंगोरे बोथटले. तिसरा जमला. जुन्या पॉलिशचा काळपट तांबूस रंग आणायला चार हात मारावे लागले.

दांडा बसल्यावर बाई मिस्त्रींना घेऊन गेल्या. "तुमच्या जिन्यात एक दांडा माझा आहे. ओळखा."

मिस्त्री खालच्या पायरीवर उभे राहिले. एकदा वरपर्यंत नजर टाकली. मग कठड्याला हात लावत, एकेका दांड्यावर तळवा ठेवत चढायला लागले. ग्रंथपाल खाली चष्मा कपाळावर ढकलून बघत होते. नवव्या दांड्याशी मिस्त्री थांबले. दोनदा चाचपला.

"हा. पोट जड झालंय, मान आखूड. घाई केलीत."

"तो तुमचा आहे, मिस्त्री."

"छे!"

"खरंच. माझा खालून सहावा."

मिस्त्री तीन पायऱ्या उतरले. सहावा दांडा वरपासून खालपर्यंत चाचपला. मग नवव्याकडे मान वळवून म्हणाले, "तेव्हा कोण घाई करत होतं मला, आठवत नाही." आणि ते इतके हसले, की ग्रंथपालांना शांततेची पाटी दाखवावी लागली. हसू ओसरल्यावर मात्र त्यांनी सहाव्याचा तळ पुन्हा बोटाने तपासला. "खालचा कंगोरा एक केसभर मोठा आहे."

"आहे," बाई म्हणाल्या. "मला माहीत आहे."

त्यानंतर बाईंकडे काम यायला लागलं. दाराच्या मुठी, हातोडीचे दांडे, एका आजोबांच्या खुर्चीचा पाय. मिस्त्रींच्या सुनेने शिकवणीच्या मुलांसाठी बैठी टेबलं करायला टाकली, आणि पाय बाईंना सांगितले. पहिल्या टेबलाचे तीन पाय एकसारखे झाले, चौथा अंमळ जाडा. बाई चारही उभे करून बघत होत्या, मिस्त्री नेहमीच्या स्टुलावर.

"राहू द्या," मिस्त्री म्हणाले. "टेबलाचे चारही पाय एकदम कोणाला दिसतात का? चौथा कायम पलीकडे असतो."

"कवळीतही तसंच," बाई म्हणाल्या. "डावी-उजवी बाजू अगदी एकसारखी केली तर दात खोटे वाटतात. मुद्दाम एखादा दात जरा तिरपा लावायचो आम्ही."

"मग?"

"तो मुद्दाम. हा चुकून."

त्यांनी चौथा पाय पुन्हा लेथवर चढवला, एकदा हाताने फिरवून बघितला, आणि तोंडापुढे ढाल ओढून घेतली. मिस्त्रींनी स्टूल जरा पुढे ओढलं.